आकडे तयार, प्रमाणपत्र नाही: कोर्टात तज्ज्ञ म्हणून उभं राहण्याचा माझा अनुभव

संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मी जिनिंग-प्रेसिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी दाबण्याच्या, धंद्यात आलो. आता वर्धा जिल्ह्यातल्या गावी राहून कारखान्यांच्या आकड्यांची कामं करतो, अधूनमधून कोर्टाचीही. त्यातल्या एका दाव्यात संगणकातले आकडे कोर्टात दाखवायला प्रमाणपत्र लागलं, त्याचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही, म्हणून लिहितो आहे.

एका जिनिंगवाल्याने सूतगिरणीला रुईच्या गाठी विकल्या. करारात मायक्रोनेअर (धाग्याची जाडी आणि पक्वता दाखवणारा आकडा) किमान 3.5. गिरणीने काही गाठी तपासल्या आणि अख्खा लॉट नापास करून पैसे अडवले. जिनिंगवाल्याच्या बाजूचा तज्ज्ञ म्हणून माझं मत लवकर तयार झालं. प्रत्येक गाठीवर प्रेसचा नंबर असतो. त्यावरून दिसलं की गिरणीने तपासलेल्या गाठी बहुतेक हंगामाच्या शेवटच्या, फरदडीच्या (मुख्य वेचणीनंतर पीक तसंच ठेवून घेतलेल्या) कापसाच्या. तो धागा अपक्व, त्याचं मायक्रोनेअर कमी येणारच. शिवाय एकाच दिवशी दाबलेल्या गाठी एकमेकींसारख्या असतात, त्यामुळे अशा वीस गाठी म्हणजे वीस स्वतंत्र पुरावे नव्हेत. नमुना कसा घेतला यावर उत्तर किती हलतं, हे आपले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पीक कापणीच्या प्रयोगांतून 1946 सालीच दाखवलं होतं: प्लॉट फार लहान घेतला की उत्पन्न फुगून येतं.

हे सगळं सिद्ध करायला गाठवार आकडे हवे होते, आणि ते होते एका प्रयोगशाळेच्या संगणकात. जिनिंगवाल्याने दाबतानाच सगळ्या गाठींचे नमुने तिथे दिले होते. हाती मिळाला होता फक्त सरासरीचा छापील कागद. मूळ फाईल मागितली तर "देता येत नाही भाऊ." जिनिंगवाल्याचं पत्र नेलं तेव्हा फाईल मिळाली, पण प्रमाणपत्राविना. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 63(4) खाली संगणकातल्या नोंदीसोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं: भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून संगणकाने काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा. प्रयोगशाळेने जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65ब चा मसुदा पुढे केला. तो चालत नाही म्हटलं, तर सही कोण करणार यावरच घोडं अडलं. ऑपरेटर म्हणे साहेबांना विचारा, साहेब म्हणे मशीन ऑपरेटर चालवतो. ज्या माणसाने रोज ते यंत्र हाताळलं त्याला "ही फाईल याच संगणकातली आहे" एवढं लिहायला कसली भीती, हे मला आजही कळलेलं नाही. दोन तारखा यातच गेल्या, आणि त्या जिनिंगवाल्याचं बँकेचं व्याज चालूच होतं.

शेवटी जिनिंगवाल्याच्या वकीलसाहेबांनी सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यातला निकाल जोडून अर्ज केला. ज्याच्याकडे नोंद आहे तो प्रमाणपत्र देत नसेल, तर पक्षकार कोर्टाकडे दाद मागू शकतो, असं त्यात स्पष्ट आहे. कोर्टाचा कागद पोचला आणि सही लगेच झाली. त्या दिवशी मी खरंच सुटकेचा श्वास सोडला.

म्हणून फाईल घ्याल त्याच वेळी, समोर बसून हॅश काढून घ्या आणि त्यांच्या फाईलचा व आपल्या प्रतीचा, दोन्ही आकडे ताडून पाहा. फाईल एकदा उघडून सेव्ह झाली तरी हॅश बदलू शकते. काम नेहमी प्रतीवर करा, मूळ पेन ड्राइव्ह पाकिटात बंद ठेवा. दावा 1 जुलै 2024 च्या आधीपासून चालू असेल तर जुना कायदाच लागतो, हे वकिलांकडून आधी पक्कं करा.

उलटतपासणीत विचारलं, "सगळ्या गाठी तुम्ही स्वतः पाहिल्या का?" मी म्हणालो, "नाही, पण सगळ्यांचे आकडे पाहिले. गिरणीने मोजक्याच गाठींचे पाहिले." ते उत्तर देताना मला माझ्या विषयाचा अभिमान वाटला.

आणखी एक राहिलं. फी आधीच लेखी ठरवून घ्या, निकालावर अवलंबून ठेवू नका. समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न तोच होता, आणि माझ्याकडे पावती होती.