घसरले, पडले नाही

डॉक्टरांनी विचारलं, "गेल्या वर्षभरात कधी पडलात का?" मी म्हटलं, "छे!"

आपण खोटं बोलतोय असं तेव्हा वाटलंसुद्धा नाही. फेब्रुवारीत न्हाणीघराच्या उंबऱ्याशी जे झालं ते घसरणं होतं. त्याआधी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर माझा तोल गेला होता, आणि दाराशी एकदा पाय मुरडला होता. तिन्ही वेळा मी जमिनीवर होते, ही गोष्ट वेगळी. पडतात ती म्हातारी माणसं. मी ७२ची आहे.

डॉक्टर मुरलेले असावेत. त्यांनी प्रश्न फिरवला. "बरं, मनात नसताना जमिनीवर बसायची वेळ?" तीनदा, मी म्हणाले. त्यांनी मुकाट्याने ३ लिहिलं. पासष्टीपुढच्या तिघांपैकी साधारण एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, म्हणाले, आणि निम्म्याहून अधिक लोक ते डॉक्टरला सांगतच नाहीत. मग मला फिजिओथेरपीच्या खोलीत पाठवलं.

तिथल्या मुलीने हातात एक कागद दिला. १६ प्रश्न. आंघोळ करताना, जिना उतरताना, ओल्या फरशीवरून जाताना, गर्दीतून चालताना पडण्याची किती काळजी वाटते? अजिबात नाही तर १, खूप वाटते तर ४. चौतीस वर्षं मी गणिताचे पेपर तपासले, त्यामुळे बेरीज तिच्याआधी माझी झाली: ६४पैकी ४३. २८ किंवा त्याहून जास्त म्हणजे काळजी फार, असं धरतात. जास्त गुण मिळाल्याचं वाईट वाटायची ही माझी पहिलीच खेप.

दुसरी परीक्षा चालण्याची. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर लक्ष द्यायला हवं. मला साडेनऊ लागले. पायांतली ताकद चांगली, नजर चांगली, उभं राहिल्यावर रक्तदाबही उतरत नाही. म्हणजे पाय पास आणि मी नापास.

"मग मी का पडते?" तोंडातून शब्द निसटलाच.

तिने मला जिन्यावर नेलं आणि मागून बघत राहिली. म्हणाली, "आजी, पाऊल पायरीवर टेकायच्या आधीच तुमची नजर पुढच्या पायरीवर गेलेली असते. आणि घोटे लाकडासारखे ताठ होतात." भीती बाळगणाऱ्या वयस्कर माणसांमध्ये हे नेहमी दिसतं म्हणे. पुढच्या संकटाच्या चिंतेत हातातलं, खरं तर पायातलं, काम अर्धवट सोडायचं. हे ऐकून मला हसू आलं. जन्मभर मी हेच केलंय. मुलगा सहलीला निघायचा तेव्हा तो घराबाहेर पडायच्या आधीच मी तो परत न आल्याची काळजी करत असायची.

घरी येऊन मी वाचत बसले. ऑस्ट्रेलियात सिडनीला ७० ते ९० वयाच्या ५०० जणांचा अभ्यास झाला होता, २०१०मध्ये प्रसिद्ध झालेला. शरीराची तपासणी एकीकडे, मनातली भीती दुसरीकडे, आणि त्यावरून चार गट. मी ज्या गटात बसते, म्हणजे शरीर धडधाकट पण भीती मोठी, तो ११ टक्के. या गटात चिंताळू स्वभाव आणि उदासी जास्त आढळली. उलट गट २० टक्क्यांचा: शरीर डळमळीत, पण भीती नाही.

हा उलट गट म्हणजे आमच्या वन्सं. वय ७८, गुडघे गेलेले, काठी दाराआड ठेवून विसरणार, आणि रस्त्याने चालताना तोंड अखंड चालू. अभ्यास म्हणेल की अशी बेफिकीर माणसं धडाधड पडतात, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर तसं निघावं अशी इच्छाच होती. निघालं भलतंच. भीती नसणं हे त्यांच्या बाजूने उभं राहत होतं, कारण ती माणसं आनंदी होती आणि घराबाहेर पडत होती, चार लोकांत मिसळत होती. आणि शरीर कसंही असो, नुसती भीतीसुद्धा पुढच्या पडण्याला हातभार लावते, असं दिसलं होतं. मला हा निष्कर्ष मुळीच आवडला नाही. वन्संना अजून सांगितलेला नाही.

बोलण्याचीही एक गंमत आहे. स्वीडनमध्ये १९९७ साली संशोधकांनी वृद्धांशी चालता चालता नुसत्या गप्पा मारल्या. जे बोलण्यासाठी थांबले, असे १२ जण होते, आणि त्यातले १० पुढच्या सहा महिन्यांत पडले. मी थांबते. वन्सं थांबत नाहीत.

उदासीबद्दल लिहायचं नव्हतं, पण लिहिते. हे जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर संध्याकाळचं फिरणं सुटलं, मग वाचनालय, मग जिना. प्रत्येक वेळी कारण होतं 'आज कंटाळा आलाय.' पडायची भीती त्या कंटाळ्याच्या मागे लपून बसली होती की कंटाळा भीतीच्या मागे, ते मला अजून सुटलेलं नाही. न चालल्याने स्नायू ढिले पडतात, ढिल्या स्नायूंनी तोल जातो, तोल गेला की आणखी चालायचं नाही. शिवाय झोपेची गोळी होती. ती पडण्याचा धोका वाढवते. उदासीवरच्या बऱ्याच गोळ्यांचंही तेच, आणि औषध न घेता उदास राहिलं तरी धोका आहेच! इकडे आड, तिकडे विहीर. झोपेची गोळी डॉक्टर हळूहळू कमी करताहेत. आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

सध्या आठवड्यातून तीनदा व्यायाम आहे. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, टाचेला चवडा लावून रेषेवर चालायचं, एका पायावर उभं राहायचं. २०१९मध्ये शंभरावर चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा अशा व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. चालता चालता डोकंही गुंतवायचं असतं. फिजिओथेरपीच्या मुलीने सांगितलं, १००मधून ३-३ वजा करत चला. मी १७-१७ वजा करत चालले, पायांना पत्ताही लागला नाही. मग तिने 'ह'ने सुरू होणारी माणसांची नावं विचारली. हेमंत, हरी... आणि मी खोलीच्या मधोमध उभी!

दुसऱ्यांदा कागद भरला तेव्हा ३७ आले. ओली फरशी अजून ४वरच आहे.

मुलगा हे सगळं वाचतो. फेब्रुवारीत कोपरावर काळंनिळं झालं होतं, ते 'कपाटाचं दार लागलं' म्हणून त्याला सांगितलं होतं. हे टाकल्यावर तासाभरात त्याचा फोन येईल. तोवर मी जिना एकदा उतरून येते.