आयुर्वेदाला नंबर लागला होता, तरी फिजिओथेरपी का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नाच्या पंगतीत विचारतात, पेशंटचे नातेवाईक विचारतात, बारावीतल्या मुलांच्या आया तर हमखास. एकदा दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं, म्हणजे उत्तर द्यायचीही सोय नाही. "बीएएमएस मिळत होतं ना तुला? मग हे काय घेतलंस?"

आजवर मी याचं एक ठेवणीतलं उत्तर देत आले. आजीचा खुबा मोडला होता, तिचे हाल पाहिले आणि तेव्हाच ठरवलं. नोकरीच्या मुलाखतीत हे फार छान चालतं. आजीचा खुबा मोडला हे खरं आहे. पण तिच्याकडे कधी कुठला फिजिओ आलाच नाही. ऑपरेशननंतर सगळ्यांनी तिला "पडून राहा" सांगितलं आणि ती पडून राहिली, पाठीला जखमा होईपर्यंत. हे चूक आहे हे मला दुसऱ्या वर्षात कळलं. फॉर्म भरताना माझ्या डोक्यात आजी नव्हती.

पुणं होतं. फिजिओचं कॉलेज पुण्यात होतं आणि आयुर्वेदाचं एका तालुक्याच्या गावाबाहेर, माळावर. बस, एवढंच.

आणि हो, एमबीबीएसएवढे गुण नव्हतेच. तेही विचारता तुम्ही, जरा आवाज खाली आणून. 'नीट' या प्रवेशपरीक्षेच्या एकाच गुणपत्रिकेवर वरून खाली सगळं वाटलं जातं. आमच्या वर्गात बहुतेक जण असेच उतरत उतरत आले होते. यात लपवण्यासारखं काय आहे? बँकेतल्या माणसाला कुणी विचारत नाही, कलेक्टर का नाही झालात म्हणून.

पण आयुर्वेद हातात असताना सोडलं, ते मात्र माझं मी केलं.

२०१८ सालची गोष्ट. फिजिओच्या फेरीत पुण्यातलं कॉलेज लागलं. अण्णांनी डीडी काढला, मूळ कागदपत्रं जमा झाली, हॉस्टेलवर गादी पडली. मग आयुर्वेदाची यादी आली आणि तिच्यात माझं नाव. कागदपत्रांचा संच एकच. तो जिथे जमा, तिथले तुम्ही. अण्णा सांगोल्याहून रात्रीच्या एसटीनं निघाले ते सकाळी स्वारगेटला उतरून थेट कॉलेजात. मला ॲनाटॉमीच्या तासातून बोलावून घेतलं.

त्यांच्या हातात प्लॅस्टिकची फाइल होती आणि फाइलीत प्रवेश रद्द करण्याचा अर्ज. घरूनच लिहून आणलेला, माझ्या नावानं, त्यांच्या शाळामास्तरी अक्षरात, डावीकडे समास सोडून. खिडकीतल्या बाईंनी तो वाचला आणि खालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"मुलीची सही लागेल."

अण्णांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडून माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही.

"सही कर."

"नको."

"काय नको?"

"आयुर्वेद नको, अण्णा."

मागे रांग होती. बाई म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बोलून या, तोवर यांचं घेते."

बाहेर म्हणजे गाड्यांच्या शेडखाली. अण्णा ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. वर्गात गणित समजावतात तसे ते एकेक पायरी मांडत गेले. बीएएमएस झालीस तर गावात दवाखाना टाकता येतो. स्टँडजवळ आपला गाळा आहे. पाटी लागते. पेशंट थेट तुझ्याकडे येतो. "आणि यात? हाडाच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली तर पेशंट. जन्मभर दुसऱ्याच्या चिठ्ठीवर जगणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फिजिओथेरपी म्हणजे काय, हेही मला धड सांगता आलं नसतं. दंडाचं हाड हातात धरून पाहिलं होतं, तेवढीच ओळख. मी म्हणाले, "माझा आयुर्वेदावर विश्वास नाही." आयुर्वेदाचं एक पान मी वाचलेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. विद्यार्थी बनाव करतोय हे मास्तरांना कळतं. मग अर्जाची चौघडी करून त्यांनी ती शर्टाच्या खिशात घातली. "बापानं डीडी काढायचा तो एकदाच," म्हणाले, आणि चहासुद्धा न घेता परत स्वारगेटला गेले. पुढे कितीतरी महिने ते माझ्याशी आईमार्फतच बोलायचे. "तिला विचार, मेसचे पैसे पोचले का."

तेव्हाच्या मला आज समोर बसवलं तर म्हणेन, अगं, खरं सांगायचंस ना, पुण्यात राहायचंय म्हणून. ती म्हणेल, खरं सांगितलं असतं तर दंडाला धरून नेलं असतं मला. तेही खरंच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, "म्हणजे मालिशच ना?" मुंबईत केईएममध्ये हे शिक्षण सुरू झालं ते १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या साथीमुळे, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं. सत्तर वर्षं होऊन गेली, तरी मालिशच. मालिश काय करते ते इंटर्नशिपमध्ये पाहिलं. एक शाळकरी मुलगा, कोपराशी फ्रॅक्चर. प्लॅस्टर निघाल्यावर हात सरळ होईना म्हणून घरच्यांनी रोज तेल लावून चोळला, ओढला. माझ्याकडे आला तेव्हा मी गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं साधन, लावला: मधला स्क्रू कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर, एक पट्टी खांद्याच्या टोकाकडे, दुसरी मनगटाकडे. काटकोनापर्यंतसुद्धा वाकत नव्हता. एक्स-रेत कोपरापुढच्या स्नायूत पांढरा ढग. तिथे हाड धरायला लागलं होतं. आमचं पहिलं काम हेच, की त्या हाताला कुणी ओढू द्यायचं नाही, जे हलवायचं ते त्यानं स्वतः, दुखणार नाही इतपतच. त्याची आजी मला म्हणाली, "तुम्ही तर काहीच करत नाही." फी मात्र दिली, हे सांगायला हवं.

पैशांचंही विचारता. पुण्यातली पहिली नोकरी पंधरा हजारांची, त्यातले सहा खोलीभाड्याला. संध्याकाळी घरोघरी व्हिजिट केल्या तेव्हा कुठे हातात काही राहायला लागलं. अण्णांचा चिठ्ठीचा मुद्दा अजून जिवंत आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात फिजिओथेरपिस्टनं स्वतंत्रपणे काम करावं याला जागा आहे, ते मी त्यांना वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, "पेशंटनं वाचलंय का?"

पाटीचाही. २०२५ मध्ये नव्या अभ्यासक्रमात आमच्या नावाआधी 'डॉ.' आणि नंतर 'पीटी' लावण्याची शिफारस आली, तेव्हा मी फोन करून सांगितलं. ९ सप्टेंबरला केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानं ते लावू नये असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. त्या दोन दिवसांत अण्णांचे दोन फोन आले. पहिल्यात, "काढलं म्हणे?" दुसऱ्यात, "परत दिलं म्हणे?" दोन्ही वेळा आवाज सारखाच. मी अजून पाटी रंगवलेली नाही. स्टँडजवळच्या गाळ्यात आता मोबाईलचं दुकान आहे, भाडं वेळेवर येतं.

गेल्या वर्षी वहिनीच्या भावाच्या हातात आयुर्वेद आणि फिजिओ दोन्ही होतं. तिनं विचारलं, काय घेऊ दे? मी म्हटलं, त्याला सकाळी सरकारी दवाखान्याच्या फिजिओ ओपीडीत बसव. लकवा झालेला माणूस पाऊल टाकताना बघू दे, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या पोरीला पगारही विचारू दे. तो काही गेला नाही. आयुर्वेदाला गेला. कॉलेज पुण्यात आहे म्हणे.