चार टक्के आणि चारशे रुपये

एप्रिल 2025. मार्चअखेरची धावपळ संपून काउंटर जरा मोकळा झाला होता. आमच्या स्टेट बँकेच्या शाखेचे एक जुने खातेदार पोस्टाचं पासबुक घेऊन आले. 31 मार्चला व्याजाची नोंद पडली होती, रुपये 400. काकांचा हिशोब 8,400 चा होता. म्हणाले, "साहेब, दोन लाख दहा हजार असतात खात्यात. चार टक्के दर बाहेर बोर्डावर लिहिलाय. बाकीचे आठ हजार गेले कुठे?"

पासबुकाची पानं उलटली तर दर महिन्याला तोच नमुना. काका वीस जणांच्या भिशीचे खजिनदार. 3 तारखेला प्रत्येकाचे 10,000 जमा व्हायचे, 26 ला ज्याला भिशी लागली त्याला 2 लाख जायचे. मागे काकांचे स्वतःचे 10,000 पडून. (नोंदणी नसलेली भिशी कायद्यात कुठे बसते, हा विषय त्या दिवशी मी काढला नाही.)

पोस्टाचा हिशोब बरोबरच होता. पोस्टाच्या बचत खात्यात व्याज रोजच्या शिलकेवर मिळत नाही. 10 तारखेच्या दिवसअखेरपासून महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तेवढीच त्या महिन्यासाठी धरतात. ती 500 च्या खाली गेली, तर त्या महिन्याचं व्याज शून्य. 26 ला दोन लाख निघाले की उरले 10,000. त्याचे 4 टक्क्यांनी महिन्याला 33 रुपये 33 पैसे, बारा महिन्यांचे 400. तेवीस दिवस पडून असलेल्या दोन लाखांना व्याजाच्या हिशोबात जागाच नव्हती.

बँकांतही 31 मार्च 2010 पर्यंत हीच पद्धत होती. 'दहाच्या आत भरा' हे वाक्य जुन्या खातेदारांना अजून पाठ आहे. 1 एप्रिल 2010 पासून बँका रोजच्या दिवसअखेरच्या शिलकेवर व्याज काढू लागल्या. ही पद्धत काकांना कागदावर करून दाखवली, जानेवारीचा महिना घेऊन. 1 आणि 2 तारीख, आणि 26 ते 31, असे आठ दिवस 10,000, म्हणजे गुणाकार 80,000. 3 ते 25 असे तेवीस दिवस 2,10,000, म्हणजे 48,30,000. बेरीज 49,10,000. तिला आमच्या तेव्हाच्या 2.70 दरानं गुणून 36,500 नं भागलं की 363 रुपये 21 पैसे. दर कमी, तरी व्याज जवळपास अकरापट.

काका लगेच खातं बंद करून पैसे इकडे आणायला निघाले. ठेवी वाढवायच्या म्हणून मी गप्प बसलो असतो तर शाखेचं भलं झालं असतं, पण उपाय त्याहून सोपा होता. भिशी 26 ऐवजी पुढच्या महिन्याच्या 1 तारखेला द्यायची, नवी वर्गणी नेहमीप्रमाणे 3 ला गोळा करायची. मग 10 पासून महिनाअखेरपर्यंत 2,10,000 ला धक्का लागत नाही आणि महिन्याचे पूर्ण 700 पडतात. दोन ठिकाणी मात्र पाय घसरतो. 10 ला रविवार असेल तर भरणा आधीच्या कामकाजाच्या दिवशी करायचा, कारण 11 ला भरलेले पैसे त्या महिन्यात मोजलेच जात नाहीत. आणि 1 साठी म्हणून चेक आधीच हातात दिला आणि समोरच्याच्या घाईनं तो 31 ला वटला, तर अख्खा महिना हातचा गेला.

जूनमध्ये दर घसरले. फेब्रुवारी ते जून 2025 या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो, म्हणजे बँकांना कर्ज देण्याचा दर, 6.50 वरून 5.50 वर आणला, आणि 15 जूनपासून स्टेट बँकेचा बचत खात्याचा दर 2.70 वरून 2.50 झाला. 25 ऑक्टोबर 2011 पासून हा दर बँका स्वतः ठरवतात. मुदत ठेवीचा दर मुदतीपर्यंत बांधलेला असतो. बचत खात्याचा बदलला की जुन्या शिलकेलाही त्याच दिवसापासून नवा लागतो. तो तिमाहीच्या मधेच बदलला की पासबुकात एकच आकडा दिसतो आणि खातेदार गोंधळतात. एप्रिल ते जून 3 लाख जसेच्या तसे असतील, तर 75 दिवस 2.70 नं 1,664.38 आणि 16 दिवस 2.50 नं 328.77, मिळून 1,993.15. जुन्याच दरानं 2,019.45 झाले असते.

यावर टीडीएस कापत नाहीत, म्हणून बरेच जण हे व्याज करमुक्त समजतात. तसं नाही, ते उत्पन्नात दाखवावं लागतं. बचत खात्याच्या व्याजावरची 10,000 पर्यंतची आयकर वजावट फक्त जुन्या कररचनेत मिळते. भिशी वीस जणांची असली तरी खातं काकांच्या नावावर, त्यामुळे व्याजाची नोंदही त्यांच्याच पॅनवर.

काकांनी तारीख बदलली. दर उतरल्यावर पुन्हा विचारायला आले, तेव्हा 1 तारखेच्या नव्या वेळापत्रकानं एकतीस दिवसांचा महिना मांडला. बँकेत 2.50 नं 418 रुपये, पोस्टात 700. भिशीचं खातं पोस्टातच राहिलं.