चोर्ल्याचा चढ आणि आमच्या जीपचा रेडिएटर

आमची जुनी डिझेल जीप खानापूर रस्त्याला कधीच तापत नव्हती. तापायची ती बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटाच्या चढाला. बाबा आठवड्यातून दोनदा भाजी घेऊन गोव्याला जातात. जांबोटी, कणकुंबी करत घाट उतरताना काही त्रास नाही. साखळीत माल उतरवून परत येताना मात्र मागे नारळाची पोती असतात. अंजुणे धरण मागे पडलं की गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर येते आणि तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकायला लागतो. मग बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं आणि निवायची वाट बघत बसायचं. मागच्या एप्रिलात ओळीने तीन फेऱ्यांना हेच झालं. बाबांचं वय बघता त्यांना असं घाटात उभं राहायला लावणं मला पटेना.

त्याआधी एका गॅरेजवाल्याने सोपा उपाय म्हणून थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकला होता. आपल्याकडे हा सल्ला सर्रास देतात आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन थंडीत लवकर कामाच्या तापमानाला येत नाही, डिझेल जास्त जातं, सिलिंडरची झीज वाढते. आणि चढावर तो तसाही पूर्ण उघडलेलाच असतो, त्यामुळे काढून फायदा शून्य. आमची गाडी घाटात तापायची ती तापायचीच.

शेवटी बेळगावात उद्यमबागेकडे रेडिएटरचं काम करणाऱ्या एका मिस्त्रीमामांकडे गेलो. कोअर म्हणजे रेडिएटरची मधली नळ्यांची जाळी, पाणी त्या नळ्यांतून जाताना हवेने निवतं; आमच्या कोअरात नळ्यांच्या दोन ओळी होत्या. म्हटलं, "मामा, दोन लाईनीचा कोअर काढून तीन लाईनीचा घाला."

"घालूया की," ते म्हणाले. "पण आधी हाय त्याला काय झालंय ते बघूया."

पहिल्यांदा त्यांनी रेडिएटरचं झाकण तपासलं. माझ्या लेखी झाकण म्हणजे झाकण, पण खरं काम तिथेच असतं. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं. ०.९ बारचं झाकण नीट दाब धरत असेल तर तेच पाणी ११५ च्या पुढेही उकळत नाही. आमच्या झाकणाची स्प्रिंग ढिली आणि रबर चिरलेलं होतं. मग इंजिन चालू ठेवून वरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का ते पाहिलं. सतत बुडबुडे आले असते तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं असं समजायचं. सुदैवाने तसं नव्हतं. वॉटर पंप आणि बेल्टही ठीक.

मग रेडिएटर खाली उतरवला. तळाच्या तोंडाला बोळा लावून पाणी भरलं आणि बोळा एकदम ओढला. धबधब्यासारखं पडायला हवं होतं, पडलं नळाच्या धारेसारखं. वरची टाकी सोल्डरचा डाग सोडवून उघडली तर नळ्यांच्या तोंडांवर पांढरा थर. वर्षानुवर्षं आम्ही बोअरचंच पाणी ओतत होतो. त्या क्षारांनी बऱ्याच नळ्या पार बुजल्या होत्या. ते दिसल्यावर मला फार वाईट वाटलं, कारण ओतणारा मीच असायचो.

सळई मारून नळ्या साफ करता आल्या असत्या, पण जाळीच्या पापुद्र्या हाताने चुरगळत होत्या, म्हणून नवीन तीन लाईनीचा तांब्या-पितळेचा कोअर घ्यायचं ठरलं. ॲल्युमिनियमचा हलका पडतो, पण गळला तर आपल्या गावात त्याला डाग देणारा मिळत नाही. तांब्याला मिळतो. जुन्याच टाक्या नव्या कोअरला बसवल्या. कोअर जाड झाल्यामुळे तो पंख्याजवळ आला. मामांनी ब्रॅकेटमध्ये वायसर घालून अख्खा रेडिएटर पुढे सरकवला. झटका बसला की इंजिन आपल्या रबरांवर हलतं, म्हणून पंख्याचं पातं आणि जाळीत बोटभर तरी जागा हवीच.

थर्मोस्टॅट परत बसवला, नवीन झाकण, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं कूलंट. हवा निघावी म्हणून गाडीचं तोंड चढाला ठेवून भरलं. आणि घाटात गेलो. फरक पडला होता, पण वरच्या वळणांवर काटा पुन्हा चढलाच. पैसे खर्चून झाले होते, मी खचलोच.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. इंजिन चालू ठेवून त्यांनी वर्तमानपत्राचं एक पान जाळीसमोर धरलं. मधोमध ते चिकटून बसलं. कोपऱ्यात धरलं की खाली पडायचं. "कोपऱ्यातनं वाराच ओढत न्हाई. तीन लाईनी घालून काय करणार?"

मला तेव्हा कळलं. सपाट रस्त्यावर गाडीच्या वेगाने हवा आपोआप घुसते, घाटात पंधराच्या वेगाला सगळा भार पंख्यावर. आमच्या गाडीचं पंख्याभोवतीचं कव्हर कधीतरी अपघातात गेलं होतं आणि कुणी परत बसवलंच नव्हतं. त्यात तिसऱ्या लाईनीमुळे हवेला अडथळा वाढलेला, आणि मागच्या नळ्यांना पुढच्या दोन लाईनींनी तापवलेलीच हवा मिळणार. म्हणजे दीडपट कोअरने दीडपट थंडावा कधीच मिळत नाही.

शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्र्याचं कव्हर करून घेतलं. पंख्याचं पातं निम्मं आत, निम्मं बाहेर राहील असं. रेडिएटरच्या चारही बाजूंच्या फटींना फोमच्या पट्ट्या लावल्या, म्हणजे पंख्याने ओढलेली हवा जाळीतूनच यायला हवी. पुन्हा कागद धरला, चारही कोपऱ्यांत चिकटला.

मे महिन्यात भर दुपारी, तेवढीच पोती घेऊन, मी बाबांच्या शेजारी बसून चढलो. काटा मधल्या खुणेच्या जरा वर गेला आणि तिथेच थांबला. कणकुंबीला उतरून चहा घेतला. बाबांनी सवयीने पाण्याचा कॅन बाहेर काढला, आणि मी तो परत मागे ठेवला. त्यात अजून बोअरचंच पाणी होतं.