शेतासाठी नवी क्वाड बाईक घेताना

शेतावरच्या कामासाठी क्वाड बाईक घ्यायची झाली, तर ‘किती सीसीची?’ हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारीन. फोनवर घरचे मात्र तोच आधी विचारतात, आणि इथे ऑस्ट्रेलियात शोरूममधला माणूसही तिथूनच सुरुवात करतो. मेंढ्या वळवायला, कुंपणाच्या तारा न्यायला, छोटा ट्रेलर ओढायला चारशे-पाचशे सीसी पुरून उरतात. त्यापुढचे पैसे बहुतेक वेगावर जातात, आणि खाचखळग्यांच्या रानात वेग हवाय कुणाला?

ज्यांनी ही गाडी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चार जाड, फुगीर टायर, मधे मोटारसायकलसारखी सीट, हँडल, आणि उजव्या अंगठ्याने दाबायचा ॲक्सिलरेटर. पुढे-मागे सामान बांधायला कॅरिअर. अमेरिकेत हिला एटीव्ही म्हणतात. गाडी अरुंद आणि उंच, वजन तीन-चारशे किलो. आडव्या उतारावर कलंडली की चालवणारा तिच्याखाली सापडतो. इथल्या शेतांवर माणसं दगावण्याच्या कारणांत क्वाड बाईक वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकावर राहिली, ती यामुळेच.

म्हणून शोरूममध्ये गेलात की आधी गाडीला लटकवलेला टॅग वाचा. गाडी आडवी कलती केली तर किती अंशांवर तिची दोन चाकं उचलली जातात, तो आकडा त्यावर असतो. क्वाड बाईकसाठी २०१९ मध्ये इथे सुरक्षेचं सक्तीचं मानक आलं. हा टॅग आणि कलंडण्याच्या धोक्याचा इशारा ११ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक झाला. पुढच्या वर्षी त्याच तारखेपासून शेतकामाच्या प्रत्येक नव्या गाडीला चालकाचं रक्षण करणारी कमान लागली, आणि २८.८१ अंशांच्या आत गाडीची चाकं उचलली जाता कामा नयेत अशी अटही आली. कमान बहुधा सीटच्या मागे उभी असते. गाडी उलटली तरी तिच्यामुळे जमीन आणि गाडी यांच्यात थोडी पोकळी राहते, आणि तेवढ्यात माणूस वाचू शकतो.

टॅगवरचा आकडा म्हणजे तेवढ्या उतारावर बिनधास्त जाण्याचा परवाना नव्हे. तो मोजतात कलत्या फळीवर, गाडी जागच्या जागी उभी असताना. रानात एक चाक सशाच्या बिळात जातं, दुसरं दगडावर चढतं, वर आपण वळत असतो. मग त्याचा उपयोग काय? दोन गाड्यांची तुलना. एकाच किमतीच्या दोन गाड्यांत एकीचा आकडा तीन-चार अंशांनी जास्त असेल, तर मी डोळे झाकून ती घेईन. रंग, हेडलाइट, डिजिटल पडदा यांतलं काहीही त्या तीन अंशांच्या तोडीचं नाही.

या नियमांनंतर होंडा आणि यामाहा यांनी इथल्या बाजारात शेतकामाच्या नव्या क्वाड बाईक विकणं थांबवलं. पिढ्यान्‌पिढ्या लाल होंडा वापरलेल्या शेतकऱ्यांना ते फार लागलं. आता शोरूममध्ये सीएफमोटोसारखी चिनी नावं जास्त दिसतात. त्याच पैशात पॉवर स्टिअरिंग, विंच (अडकलेली गाडी तारेने ओढून काढणारी चरखी), टोइंगचा हूक असं बरंच काही कंपनीकडूनच बसवून मिळतं. माझ्या मते इथे किमतीपेक्षा एक प्रश्न जास्त मोलाचा आहे: सुटे भाग कुठून येणार आणि किती दिवसांत? विक्रेत्याला मोघम विचारू नका, वस्तूचं नाव घेऊन विचारा. ड्राइव्ह बेल्ट आत्ता दुकानात आहे का? ब्रेक पॅड? एअर फिल्टर? तो उठून आत जाऊन हातात घेऊन आला, तर ती गाडी मनात ठेवा.

बेल्टचं एवढं का, तर यांतल्या बहुतेक गाड्यांत एकेक करून बदलायच्या गिअरऐवजी स्कूटरसारखा, वेग आपोआप जुळवणारा सीव्हीटी बेल्ट असतो. ओझं ओढत हळू चढताना तो घसरतो, तापतो आणि जळक्या रबराचा वास सुटतो. त्यासाठीच हँडलजवळच्या दांड्याला ‘लो’ ही कमी वेगाची, जास्त जोराची वेगळी जागा असते. ट्रेलर जोडला, चढ आला, की गाडी थांबवून लो टाकायचं. ज्या स्वस्त गाडीत लो नाही ती शेतासाठी नकोच. फोर-व्हील ड्राइव्ह बटणाने घालता-काढता यावं आणि दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारं डिफरन्शियल लॉक असावं, म्हणजे चिखलात एक चाक गरगर फिरत राहत नाही. पॉवर स्टिअरिंगवर जास्तीचे पैसे घालायला मी आनंदाने सांगेन. चाक दगडावर आपटलं की हँडलचा झटका अंगठ्याला आणि मनगटाला बसतो, दिवसभराच्या कामानंतर तो फार जाणवतो.

मागच्या सस्पेन्शनबद्दल इथे दोन तट आहेत. सरळ एकसंध ॲक्सलची गाडी ओझ्याखाली कमी झुकते आणि तिचा देखभालीचा खर्चही कमी. प्रत्येक चाक स्वतंत्र असलेली गाडी बसायला सुखाची आणि तिच्या पोटाखाली जागा जास्त, पण सांधे जास्त, त्यांच्यावरची रबरी आवरणं म्हणजे बूट जास्त; एक बूट फाटला की आत माती जाऊन सांधा खराब होतो. दिवसभर गाडीवर बसणाऱ्याने स्वतंत्र सस्पेन्शन घ्यावं. फवारणी आणि ओझं यांवर भर असेल तर सरळ ॲक्सल.

फवारणीसाठी घेणाऱ्यांनी साधा हिशेब करावा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, वर टाकी आणि पंपाचं वजन. मधल्या आकाराच्या बऱ्याच गाड्यांच्या मागच्या कॅरिअरची मर्यादा शंभर किलोच्या आत असते. शिवाय अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेलीपेक्षा जास्त फसवी: वळताना पाणी एका बाजूला धावतं आणि नेमकी उताराकडची बाजू जड होते. त्यामुळे आम्ही मोठी टाकी कॅरिअरवर न ठेवता ट्रेलरवर घेतली. विंचचे पैसे वाचवून तो ट्रेलर आला.

नवरा-बायको दोघांनी एकत्र फिरायचं असेल, किंवा मुलं बरोबर येणार असतील, तर क्वाड बाईक घेऊच नका. बहुतेक मॉडेल एकाच माणसासाठी असतात. दुसरा मागे बसला की तोल बिघडतो. मोठ्यांच्या गाड्या सोळा वर्षांखालच्या मुलांच्या हाती द्यायच्याच नसतात. अशा घराने स्टिअरिंगची, शेजारी सीट, पट्टे आणि वर पिंजरा असलेली साइड-बाय-साइड घ्यावी. ती महाग आणि रुंद असते, अरुंद फाटकातून जात नाही, पण पट्टा लावून बसलेला माणूस पिंजऱ्याच्या आत राहतो.

गाडी ठरली की लेखी किमतीत काय धरलंय ते एकेक करून विचारा: कमान, जोडणी, टोइंगचा हूक, पहिली सर्व्हिस. पहिली सर्व्हिस लवकर येते आणि ती नुसत्या किलोमीटरवर नाही, इंजिन किती तास चाललं त्यावरही मोजतात. धुळीत काम असेल तर एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याहून आधीच उघडून बघावा लागतो. आणि टायरसाठी कमी दाबाचा वेगळा गेज त्याच दिवशी घ्या. यांच्यात हवा साधारण पाच ते सात पीएसआय असते, कारच्या नेहमीच्या गेजवर एवढा कमी दाब नीट वाचता येत नाही. एका बाजूला दोन पीएसआय कमी असले तरी गाडी त्या बाजूला ओढते, उतारावर तर जास्तच. आमच्याकडे तो गेज हेल्मेटशेजारच्या खिळ्याला असतो आणि सकाळी गाडी काढण्याआधी चारही टायर तपासले जातात.