पेनल्टी आणि बांध

फुटबॉलमधली पेनल्टी मला नेहमीच थोडी आंधळी वाटत आली आहे. गोलकडे पाठ करून, पेनल्टी क्षेत्राच्या पार कडेला उभ्या असलेल्या खेळाडूला बचावपटूने उगाच पाडले, तरी शिक्षा तीच: चेंडू बारा यार्डांवर, समोर एकटा गोलरक्षक, आणि अपराधी मात्र मागे कमरेवर हात ठेवून मोकळा. १८९१ साली नियमांत आलेली ही शिक्षा सुचवली होती आयर्लंडच्या विल्यम मॅक्रम यांनी, आणि ते स्वतः गोलरक्षक होते!

रग्बीचा दंड मात्र जिथे चूक झाली तिथल्या जागेवरूनच वसूल होतो. २०२३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना पॅरिसला सुरू झाला, तेव्हा आमच्या परभणीत कोजागरीची मध्यरात्र होती. पण त्याच रात्री चंद्रग्रहण असल्यामुळे आईने वेध लागण्याआधीच मसाला दूध वाटून, पातेले घासून पालथे घातले होते, आणि मी अन् भाचा जागे होतो ते केवळ खेळासाठी. दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला १२–११ असे हरवले, त्यातले बाराच्या बारा गुण हँड्रे पोलार्डच्या चार पेनल्टी किकचे. "मामा, एकबी ट्राय नाही, अन् वर्ल्ड कप यांचा?" ट्राय म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवणे, त्याचे पाच गुण; तो एकही न करता जिंकणे ही भाच्याला चक्क लबाडी वाटली.

मला तसे वाटत नाही. आमच्याकडे शेजाऱ्याने बांध कोरला, तर चार जाणती माणसे ज्याची जमीन गेली त्यालाच आधी विचारतात, "बोल बाबा, तुझं काय म्हणणं हाय?" रग्बीचा पंचही दंड देतो आणि निवड मात्र ज्याच्यावर अन्याय झाला त्या संघाच्या कर्णधारावर सोपवतो: गोलवर किक मारून तीन गुण घ्या, चेंडू मैदानाबाहेर मारून पुढे सरका, स्क्रम मागा, म्हणजे दोन्ही संघांचे गडी खांद्याला खांदा भिडवून चेंडूसाठी रेटारेटी करतात ती झुंज, नाहीतर लगेच खेळायला लागा. आफ्रिकेने तीन-तीन गुण घेतले, तो त्यांचा हक्क होता.

याच आफ्रिकेविरुद्ध २०१५ मध्ये ब्रायटनला जपान २९–३२ असा मागे असताना अगदी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. प्रशिक्षक एडी जोन्स यांना बरोबरी साधणारी किक हवी होती. कर्णधार मायकेल लीचने स्क्रम मागितला, कार्न हेस्केथने ट्राय केला, आणि जपान ३४–३२ ने जिंकले. फुटबॉलच्या कर्णधाराला अशा वेळी ठरवता येते ते फार तर किक कोणी मारायची एवढेच.