फोटो नाही दिला तर

आमच्या सोसायटीच्या फाटकावर मागच्या महिन्यात चेहरा ओळखणारे यंत्र बसले. रहिवाशांना ते ऐच्छिक आहे. घरकामाच्या बायका, ड्रायव्हर आणि दूधवाले यांना सक्तीचे. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी रांगेत उभ्या राहून चेहरा देऊन आल्या आणि कणीक भिजवता भिजवता म्हणाल्या, "ताई, फोटो नसता दिला तं काम गेलं असतं का?" मी नाही म्हणाले, ते खरे नव्हते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्यानुसार संमती मुक्त आणि विनाअट असावी लागते. फाटकावरच्या त्या रांगेला यातले कोणते विशेषण लावावे?

साध्या कॅमेऱ्यावर माझा कधी आक्षेप नव्हता. नागपुरात सीताबर्डीच्या बाजारातल्या गर्दीत कोणाची सोनसाखळी गेली, तर पोलिसांना तासन्‌तास चित्रण बघत बसावे लागते, आणि कारण असल्याशिवाय एवढा वेळ कोणी घालवत नाही. हा कंटाळाच आपल्या खासगीपणाचा राखणदार होता. स्वयंचलित यंत्रणेला कंटाळा नाही. ती प्रत्येक चेहऱ्याचे आकड्यांत रूपांतर करून हाताशी असलेल्या यादीशी ताडून पाहते, म्हणजे संशय येण्याआधीच सगळ्यांची तपासणी उरकलेली असते. समजा, दिवसाला एक लाख चेहरे तपासले आणि हजारात एकच चूक झाली, तरी रोज शंभर माणसे विनाकारण संशयित ठरतील. जुळणीचा निकष कडक केला तर खरा गुन्हेगार निसटतो, सैल केला तर निरपराध अडकतो. तो कुठे ठेवायचा हे यंत्र ठरवत नाही, माणूस ठरवतो.

हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमवरून निघणारे मोर्चे मी लहानपणापासून पाहत आले आहे. मानधनासाठी गावाकडून आलेली अंगणवाडी सेविका त्या गर्दीत निनावी असते, म्हणूनच निर्धास्त असते. पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी राज्य सरकारने २०२४ मध्ये स्थापन केलेली 'मार्व्हल' ही संस्था नागपूरचीच, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला परका नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि त्यावर बंधन आणायचे तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय प्रमाणात हवा, असे सांगितले. २०२३ च्या कायद्यात मात्र सरकारी यंत्रणांना अधिसूचना काढून सूट देण्याची सोय आहे. मला खटकते ते हे.

सोसायटीच्या बैठकीत मी इतकेच विचारले, की हे चेहरे किती दिवस ठेवणार आणि ते कोण पाहू शकतो. सचिव म्हणाले, "मशीन कंपनीचं आहे, त्यांनाच विचारा." दिवाळीआधी काम सोडून गेलेल्या वॉचमनचा चेहरा अजून यंत्रात आहे. तो कोणी पुसायचा, हे ठरलेले नाही.